हो, ऐकलंय

"काकू, तुम्ही भीमसेनजींना समोर बसून ऐकलंय?"

शुक्रवारची संध्याकाळ. पुण्यातला २०२४ चा सवाई गंधर्व महोत्सव, त्याचा तिसरा दिवस. मुकुंदनगरच्या मांडवात एक गायन नुकतंच संपलं होतं, मंचावर पुढच्या कलाकारासाठी मांडामांड चालली होती आणि माझ्या शेजारच्या मुलीनं पाण्याची बाटली पिशवीत कोंबता कोंबता हा प्रश्न विचारला. बावीस-तेवीसची असेल. मूळची परभणीची, हिंजवडीत नोकरी, आयुष्यातला पहिलाच सवाई. हे सगळं पहिल्या दिवशीच कळलं होतं, कारण भारतीय बैठकीत सतरंज्या एकमेकींवर चढलेल्या असतात आणि शेजारणीशी बोलल्याशिवाय गुडघासुद्धा हलवता येत नाही. त्या आठवड्यात मांडवात विषय एकच होता. तबल्याचे झाकीरभाई जाऊन पाच दिवस झाले होते. चहाच्या रांगेत, वड्याच्या रांगेत, चपला काढायच्या जागी, जो तो आपण त्यांना कधी, कुठे, कोणाच्या साथीला ऐकलं ते सांगत होता. एक आजोबा हातातला कागदी कप सांभाळत दुसऱ्या हातानं हवेत तिहाई मोजून दाखवत होते आणि समेवर त्यांचा आवाज फुटला. वर्षाची सुरुवातच तशी झाली होती. जानेवारीत रशीद खाँसाहेब गेले, चार दिवसांनी प्रभाताई अत्रे गेल्या. वर्ष संपता संपता हे. माणसं आपल्या आठवणी बाहेर काढून चाचपून बघत होती, सगळ्या जागेवर आहेत ना म्हणून. तिचा प्रश्न त्यातूनच आला होता.

"हो," मी म्हटलं.

"काय गायले होते?"

"तोडी."

आणि मग मी सांगत गेले. तीन रात्रींच्या जागरणानंतरची पहाट, मांडवाच्या कापडावर साचलेलं दव, कनातीच्या फटीतून पांढरा होत चाललेला उजेड. त्यांनी पहिला सा लावला आणि हजारो माणसांतली कुजबुज कशी एकदम खाली बसली. ती मान किंचित तिरकी करून ऐकत होती, मधेच तिनं मोबाईलमध्ये काहीतरी टिपून घेतलं. "किती भाग्यवान आहात तुम्ही," ती म्हणाली, अगदी मनापासून. तेवढ्यात सतार लागायला लागली, दिवे मंद झाले, आम्ही दोघी समोर वळलो. पुढचा तास-सव्वा तास जे वाजलं त्यातलं मला काहीही आठवत नाही.

त्या पहाटे मी झोपले होते.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती, मी अकरावीत. बाबा साताऱ्याच्या एका शाळेत गणित शिकवायचे आणि गाणं ऐकायचे. गात नव्हते, कुठे शिकले नव्हते, पेटीवर बोटही ठेवलं नव्हतं. फक्त ऐकायचे. रेडिओ ही आमच्या घरातली देवघराइतकी सोवळी वस्तू होती आणि कॅसेटच्या खोक्यांवर बाबांच्या ठळक अक्षरात रागांची नावं असायची. डिसेंबरात तीन दिवसांची रजा टाकून ते दरवर्षी एकटेच पुण्याला जायचे आणि परत आले की दोन दिवस घरात असून नसल्यासारखे असायचे. त्या वर्षी मी हट्ट धरला. आई म्हणाली, मुलीची जात, रात्र रात्र मैदानात कुठे नेताय. बाबांनी काही वाद घातला नाही, दोन तिकिटं आणली.

आत्याचं घर नारायण पेठेत, दोन खोल्यांचं. तिथून रमणबाग, म्हणजे सवाई तेव्हा भरायचा ते शाळेचं मैदान, चालत काही मिनिटांवर. अंधार पडला की बाबा निघायची गडबड करायचे. खांद्यावर सतरंजी, एका हातात थर्मास, दुसऱ्या हातात आत्यानं दिलेला डबा, त्यात दशम्या आणि लसणाची चटणी. कानटोपी, मफलर, वर्षभर ट्रंकेत पडून राहिल्यामुळे डांबरगोळ्यांचा वास येणारे स्वेटर. मैदानावर पाणी मारलेलं असायचं, त्या ओल्या मातीचा वास आणि मांडवाच्या कापडाचा वास. रात्र चढेल तसा त्यात चहाचा, तळणाचा, कुणाच्या तरी अंगावरच्या बामचा वास मिसळायचा. त्या सगळ्या वासांचं मिश्रण आजही कुठे एखाद्या लग्नाच्या मांडवात मागच्या दारानं शिरताना आलं की मी जागच्या जागी थांबते.

बाबांची जागा ठरलेली होती. मंचाच्या डाव्या अंगाला, तंबोरेवाले दिसतील अशी. तिथून गवयाचा चेहरा अर्धाच दिसायचा, मी कुरकुर केली. ते म्हणाले, "चेहरा काय बघायचाय, तंबोरा बघ." आणि मग त्यांनी मला जी गोष्ट दाखवली ती मी आजतागायत प्रत्येक मैफिलीत बघते. रात्र वाढली की दव पडायचं आणि लागलेले तंबोरे उतरायचे. दोन गाण्यांच्या मधे कुणी शिष्य तंबोरा आडवा मांडीवर घ्यायचा, घोडीवर अगदी वाकून बसायचा. तार आणि घोडी यांच्या मधे सुताचा एक बारीक धागा असतो. तो धागा तो नखानं केसभर पुढे सरकवायचा, तार छेडायचा, परत केसभर मागे. आवाज आधी बंद, कोंदलेला, घशात अडकल्यासारखा. धागा सरकतो, अजून नाही, अजून नाही. आणि मग एका जागी तो आला की तार एकदम उघडायची, एका स्वरातून चार स्वर बाहेर पडल्यासारखे वाटायचे, आणि सगळ्या मांडवात काहीतरी झंकारत फिरायला लागायचं. "जवारी उघडली," बाबा माझ्या कानाशी येऊन म्हणायचे. गाणं सुरू व्हायच्या आधीच त्यांचे पैसे वसूल झालेले असायचे.

पहिल्या दोन रात्री मी टक्क जागी होते. गंगूबाई हनगल आल्या तेव्हा एवढ्याशा दिसणाऱ्या त्या बाईंच्या गळ्यातून तो खर्जातला भरदार आवाज निघाला आणि मी चमकून बाबांकडे बघितलं. शेजारी त्यांची मुलगी कृष्णाबाई, आईचा स्वर जिथे थांबेल तिथून उचलणारी. फिरोज दस्तूर आले आणि त्यांचं मुख्य गाणं संपतं न संपतं तोच मागून, बाजूनं, सगळीकडून "गोपाला, गोपाला" अशी फर्माईश सुरू झाली. मला कळेना हे काय चाललंय. मग त्यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांची ती चीज धरली, म्हातारा, गोड, जरासा कापणारा आवाज, आणि माझ्या पुढच्या रांगेतले एक जाडजूड गृहस्थ मफलरमध्ये तोंड लपवून रडायला लागले. मी कोणाही पुरुषाला असं उघड्यावर रडताना तोपर्यंत पाहिलं नव्हतं. त्यांना कोणी विचारलं नाही, कोणी वळून बघितलंही नाही. बाबांनी मात्र थर्मासच्या झाकणात चहा ओतून, काही न बोलता, त्यांच्या खांद्यावरून पुढे केला.

चूक झाली ती दिवसाची. बाबा दुपारी आत्याच्या माजघरात घोरत पडायचे आणि मी आतेबहिणीबरोबर अप्पा बळवंत चौकात पुस्तकं बघत, लक्ष्मी रोडवर दुकानं बघत हिंडायचे. सोळाव्या वर्षी झोप ही साठवून ठेवायची वस्तू आहे हे कोणाला माहीत असतं? तिसऱ्या रात्री दोन वाजले, तीन वाजले. निवेदक भीमसेनजींच्या आधीच्या कलाकाराचं नाव सांगत होते तोवरचं मला आठवतं. थंडी अशी होती की सतरंजीतून वर चढत होती. बाबांनी शाल माझ्या अंगावर टाकली आणि म्हणाले, "टेक जरा, अजून वेळ आहे." मी त्यांच्या मांडीवर डोकं टेकलं.

मला जाग आली ती एका खरखरीनं.

जुन्या तबकडीची खरखर. त्या खरखरीच्या पलीकडे, खूप लांबून, एक आवाज येत होता. डोळे उघडले तर सगळं पांढरंशुभ्र. मांडवाच्या बांबूंवर चिमण्या उतरल्या होत्या. माणसं उभी होती, हजारो माणसं, कानटोप्या काढून, पेंगुळलेल्या आणि सुजलेल्या चेहऱ्यांनी, देवळात उभी राहतात तशी. भीमसेनजींच्या गुरूंची, सवाई गंधर्वांची, 'बिन देखे परे नाहीं चैन' ही भैरवी लागली होती. तीन रात्रींचा सगळा पसारा, एवढे गवई, एवढी दाद, ते सगळं आवरून शेवटी मूळ पुरुषाचा आवाज लावायचा आणि उठायचं, हा तिथला रिवाज. ज्यांच्या स्मरणासाठी १९५३ पासून हे सगळं चाललं होतं, त्यांचा शेवटचा शब्द.

उभ्या गर्दीत बाबा एकटे बसलेले होते. माझं डोकं अजून त्यांच्या मांडीवर होतं.

"भीमसेनजी?" मी विचारलं.

"झालं गाणं."

"मला उठवलं का नाही?"

"गाढ झोपली होतीस."

तो राग मी अजून अंगात जसाच्या तसा उभा करू शकते. ज्यांच्यासाठी आले, आईशी भांडून आले, ते गायले, दोन हातांच्या अंतरावर गायले आणि मी तिथे असून नव्हते. मी ताडकन उठले. बाबांना उठता येईना. माझ्या डोक्याच्या ओझ्यानं त्यांचा पाय पार बधिर झाला होता. त्यांनी एक हात बांबूला लावला, दुसरा माझ्याकडे केला आणि म्हणाले, "धर जरा." मी हात दिला. पण तोंड दुसरीकडे फिरवून दिला. त्यांना ते दिसलं. मफलरवाले गृहस्थ पलीकडून आले, त्यांनी दुसरीकडून आधार दिला, आणि लंगडत लंगडत आम्ही रमणबागेच्या फाटकाबाहेर आलो. बाहेर रस्त्यावर, भिंतीला टेकून, गोधड्या गुंडाळून, रात्रभर बाहेरूनच ऐकणारी माणसं उठत होती. रिक्षावाले रिक्षांच्या मागच्या सीटवर बसलेले. त्या सगळ्यांनी ऐकलं होतं. तिकिटाशिवाय, भिंतीपलीकडून, त्या सगळ्यांनी ऐकलं होतं.

स्वारगेटहून एसटी धरली. कात्रज गेला, शिरवळ गेलं, मी खिडकीबाहेर बघत राहिले. खंबाटकीच्या घाटात गाडी चढायला लागल्यावर बाबा म्हणाले, "सुरात झोप लागली होती तुला. ती कशी मोडायची?" मी उत्तर दिलं नाही. मला तेव्हा ते पळवाट काढल्यासारखं वाटलं. गणिताच्या मास्तरानं गणित चुकल्यावर दिलेलं उत्तर.

पण खरी गोष्ट त्यानंतर सुरू झाली. घरी कोणी पाहुणे आले, गाण्याचा विषय निघाला, की बाबा सांगायचे, "हिनं भीमसेनजींना ऐकलंय. सवाईत, पहाटेचं." एकदाही, कोणालाही, त्यांनी ही झोपली होती असं सांगितलं नाही. पहिल्यांदा मी गोरीमोरी झाले. त्यांच्याकडे बघितलं तर डोळ्यांत कसलीच खोडी नव्हती. ते खरंच तसं मानत होते. पाहुणे विचारायचे, काय गायले? बाबा सांगायला लागायचे. तो लागलेला सा, ते दव, ती कुजबुज खाली बसणं. मी शेजारी बसून ऐकायचे. दहा वेळा, वीस वेळा ऐकलं असेल. पुढे कॉलेजात कोणी विचारलं तर 'हो' माझ्या तोंडून सहज जायला लागलं, आणि त्या 'हो'च्या मागे बाबांचं सगळं वर्णन माझं म्हणून उभं राहायला लागलं. परवा त्या मुलीला जे सांगितलं त्यातला एक शब्दही माझा नव्हता. कनातीच्या फटीतला उजेडसुद्धा नाही.

मनात येईल की पुढे कधीतरी ऐकता आलंच असतं. मलाही तसंच वाटलं होतं. पण लग्न होऊन मी बडोद्याला गेले. ज्या दरबारातून अब्दुल करीम खाँसाहेब ताराबाईंबरोबर निघाले आणि ज्या गावाचं नाव त्यांच्या मुलीनं, हिराबाई बडोदेकरांनी, आयुष्यभर लावलं, त्या गावात राहून मला किराणा घराण्याचा, म्हणजे भीमसेनजींच्या गायकीचा, स्वर कॅसेटवरच ऐकावा लागला. डिसेंबरात मुलांच्या परीक्षा, सासूबाईंचं आजारपण, रजा नाही. दरवर्षी म्हणायचं, पुढच्या वर्षी. मधे भीमसेनजींच्या तब्येतीच्या बातम्या यायला लागल्या. २००७ साली ते सवाईत गायले हे मला बाबांच्या फोनवरून कळलं. फोनवर ते बराच वेळ काही बोलेचनात, मग म्हणाले, "आवाज थकलाय. पण सा तोच आहे." तेच शेवटचं. २४ जानेवारी २०११ ला बातमी आली तेव्हा मी पोळ्या लाटत होते. टीव्हीवर त्यांची कुठलीशी जुनी मैफल दाखवत होते, मान झटकून घेतलेली ती तान, हवेत ताणलेला तो पंजा. तवा तापून धूर यायला लागला तरी मला हलता येईना. माणूस गेल्याचं दुःख होतं, ते सगळ्यांना होतं. त्याच्या खाली माझं एकटीचं आणखी एक होतं, की आता ते खोटं कायमचं खोटं झालं. दुरुस्त करायची संधी गेली.

दुसऱ्या वर्षी आम्ही पुण्यात आलो आणि मी बाबांना घेऊन पुन्हा सवाईला जायला लागले. महोत्सवाच्या नावात आता भीमसेनजींचंही नाव आलं होतं. रमणबाग तीच होती, बाबांची डावी बाजू तीच होती. रात्र मात्र राहिली नव्हती. ध्वनिक्षेपकाला दहाची वेळ लागू झाल्यापासून जवळजवळ सगळं दुपारी-संध्याकाळी आलं होतं, एखाद्या शनिवारी काय ती बारापर्यंत सवलत. नियम का आला ते मला समजतं. मैदानाला लागून माणसं राहतात, आजारी असतात, त्यांच्या लहान मुलांना झोपायचं असतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या एका नियमानं रागांचं काय झालं ते मैफिलीत बसणाऱ्यालाच कळतं. मुलतानी, मधुवंती, पूरिया, मारवा, यमन, बिहाग, फार तर बागेश्री. उतरत्या रात्रीचे आणि पहाटेचे राग मांडवाबाहेर राहिले. ललत, भटियार, रामकली, तोडी, अंगावर दव असताना, डोळे चुरचुरत असताना, मागे तीन रात्री असताना ऐकायचे असतात तसे, ते आता कोणी ऐकणार नाही. बाबा दहाच्या ठोक्याला उठायचे आणि दरवर्षी तेच म्हणायचे, "आत्ता कुठे कान तयार झाला होता."

तरी त्यांनी कुरकुरत का होईना, सगळं ऐकलं. नव्या मुलामुलींना तर ते फार प्रेमानं ऐकायचे. प्रभाताई समारोपाला यायच्या तेव्हा सुरेशबाबू, हिराबाई, मग प्रभाताई अशी बोटांवर गाण्याची वंशावळ मोजायचे आणि शेवटचं बोट हवेत तसंच धरून ठेवायचे. २०१६ ला ते शेवटचे आले. रमणबागेतला शेवटचा सवाई २०१७ चा, तो त्यांनी अंथरुणावरून माझ्या तोंडून ऐकला, मी रोज रात्री घरी येऊन सांगायचे ते. मुकुंदनगरचं मैदान त्यांनी पाहिलं नाही.

ते गेल्यावर कपाटात त्यांच्या वह्या मिळाल्या. शाळेत मिळणाऱ्या साध्या शंभरपानी. सवाईच्या प्रत्येक वर्षाची नोंद. तारीख, कलाकार, राग, ताल, बंदिशीचे पहिले दोन शब्द, साथीला कोण, गाणं सुरू किती वाजता, संपलं किती वाजता. कुठे समासात 'जवारी उत्तम' असा शेरा. माणूस हिशोबी होता, दादसुद्धा हिशोबानं लिहून ठेवायचा. मी घाईघाईनं ते वर्ष काढलं. पहिली रात्र आहे. दुसरी रात्र आहे. तिसरी आहे, भीमसेनजींच्या आधीच्या कलाकारापर्यंत सगळं व्यवस्थित. मग एक ओळ. 'पं. भीमसेन जोशी'. आणि पुढे काही नाही. राग नाही, ताल नाही, वेळ नाही. पान तसंच कोरं सोडून पुढचं वर्ष पुढच्या पानावर.

मी ती वही कितीतरी वेळ हातात घेऊन बसले. एवढ्या वर्षांत त्यांनी पाहुण्यांना कधी तोडी सांगितलं होतं, कधी ललत. मी समजत होते की त्यांच्या वहीत खरं असेल. आणि मग माझ्या लक्षात आलं की वही नेहमी त्यांच्या डाव्या गुडघ्यावर असायची आणि पेन उजव्या हातात, आणि त्या पहाटे त्यांचा उजवा हात मोकळा नव्हता. तो माझ्या खांद्यावर होता. हे मला आठवतंय का, की आता वही बघून मी ते रचतेय, याची मला खात्री देता येत नाही. पण झोपेच्या तळाशी काहीतरी आहे. एक जड, संथ, सारखा पडणारा ठेका, कानात नव्हे, खांद्यावर, शालीच्या वरून. चार बोटं, मग नुसतं थांबणं, मग पुन्हा चार बोटं. मध्येच एकदा ती बोटं घट्ट झाली, मांस धरल्यासारखी, आणि मग हळूच सैल. तिथे काय झालं असेल? कुठली जागा घेतली असेल भीमसेनजींनी?

म्हणून त्या शुक्रवारी तोंडातून 'तोडी' निघून गेलं ते मला जास्त लागलं. 'हो' म्हणणं एकवेळ ठीक, तो बाबांचा वारसा. पण ज्या ओळीवर बाबांनी काही लिहिलं नाही तिथे मी माझ्या हातानं एक राग लिहून टाकला, तोही एका परक्या मुलीच्या डोळ्यात चमक बघून. आणि तिनं तो टिपून घेतला. आता तो तिच्या मोबाईलमध्ये आहे. ती उद्या कोणाला तरी सांगेल.

शनिवारी मी तिला शोधलं. लवकर गेले, स्वारगेटला मेट्रोतून उतरून पुढे चालत, जागा धरली, शेजारी तिच्यासाठी शाल पसरून ठेवली. ती आली नाही. मध्यंतरात स्टॉलच्या बाजूला दोन फेऱ्या मारल्या. सगळ्या मुली सारख्याच दिसत होत्या, गळ्यात हेडफोन, पाठीला पिशवी. रात्री बारापर्यंत गाणं झालं आणि छान झालं. पण मंचावर तंबोरा मांडीवर आडवा घेतलेला बघितला की माझी नजर पुन्हा मागे रांगांवरून फिरायची.

रविवारी ती आली, उशिरा, शेवटच्या गायनाच्या आधी, आणि वाट काढत थेट माझ्या शेजारी येऊन बसली. "काल ऑफिसचं काम निघालं हो," एवढं म्हणाली आणि तोवर पडदा वर गेला. मी ठरवलं, गाणं झाल्यावर सांगायचं. समोर गाणं चालू असताना मला पहिल्यांदाच जाणवलं की मी गेले तीन दिवस काही ऐकलेलंच नाही, त्या एका शब्दाच्या मागे लागले होते. मग ऐकलं. पाय मोडून, हलले नाही, शेवटपर्यंत.

गाणं संपलं. टाळ्या, माणसं उभी. आणि मला उठता येईना. डावा पाय मांडीपासून खाली पार मेलेला. मी सतरंजीवर तळवा टेकवून जोर लावत होते, एवढ्यात ती वाकली, हात पुढे केला आणि म्हणाली, "काकू, धरा." मी धरला. तिचा हात थंड होता आणि चांगलाच घट्ट. उभी राहिले तशी पायात मुंग्यांचा लोंढा आला, तो दाबत मी तिच्या कानाशी तोंड नेलं. मागे खुर्च्या वाजत होत्या, कोणी चपला शोधत होतं, लहान मुलाला हाका चालल्या होत्या.

"परवा मी तुला तोडी म्हटलं ना," मी म्हणाले, "ते..."

ध्वनिक्षेपकातून खरखर सुरू झाली.

तिनं माझा हात न सोडताच दुसऱ्या हाताचं बोट वर केलं. "थांबा काकू. हे होऊ दे."

तबकडी तीन-सव्वातीन मिनिटांची. आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो.